कुत्र्याच्या अंगावरील पुरळ, खाज आणि लाल चट्टे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सुरू झाला की कुत्रा पाळणाऱ्या घरांतून एकच प्रश्न येऊ लागतो : अंगावर पुरळ उठले आहे, रात्रभर खाजवत असतो, काय लावू? या प्रश्नाला एखाद्या मलमाचे नाव सांगून उत्तर देता येत नाही, कारण खाज हा रोग नसून रोगाची खूण आहे. पिसवा, खरजेचे किडे, बुरशी, जिवाणू, खाण्यातला एखादा पदार्थ, हवेतील परागकण किंवा फरशी पुसण्याचे द्रव्य, यांपैकी कशानेही उठलेला चट्टा डोळ्यांना जवळजवळ सारखाच दिसतो, आणि एकावर गुण देणारे औषध दुसऱ्यावर लावले तर रोग वाढू शकतो. म्हणून खालील बहुतेक उत्तरांत 'काय लावावे' याच्या आधी 'का खाजते आहे' हेच आले आहे. हे लेखन पशुवैद्याच्या तपासणीची जागा घेण्यासाठी नाही; तपासणीला जाताना मालकाला नीट पाहता यावे आणि नीट सांगता यावे, यासाठी आहे.

कुत्रा थोडेफार खाजवणारच. काळजी केव्हा करावी?

झोपेतून उठल्यावर किंवा गळ्यातला पट्टा काढल्यावर चार वेळा पाय मारणे स्वाभाविक आहे. खेळ, जेवण किंवा झोप अर्ध्यावर सोडून तो खाजवू लागला, तर मात्र ती खाज साधी नाही. खाजवणे म्हणजे केवळ मागच्या पायाने ओरबाडणे नव्हे, हेही लक्षात घ्यावे. पंजे तासन्‌तास चाटणे, जांघेत तोंड घालून केस कुरतडणे, गालिच्यावर तोंड घासणे, पार्श्वभाग जमिनीवर घासत चालणे, डोके सारखे झटकणे ही सगळी खाजेचीच रूपे आहेत. 'आमचा कुत्रा खाजवत नाही, फक्त पाय चाटतो, त्याला सवयच आहे,' असे अनेक जण म्हणतात. फिकट रंगाच्या कुत्र्याच्या बोटांमधील केस तांबूस झाले असतील, तर ती लाळेची छटा आहे आणि त्याची खाज आजकालची नाही.

खाज कोठे आहे यावरून कारण ओळखता येते का?

निदान होत नाही, पण दिशा निश्चित मिळते, आणि म्हणूनच डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी कुत्र्याला उजेडात आडवे करून संपूर्ण अंग बोटांनी चाचपून पाहावे. कमरेचा शेवटचा भाग, शेपटीचे मूळ आणि मांड्यांची मागची बाजू येथे केस विरळ झाले असतील, तर आधी पिसवांचा विचार करावा. कानाच्या पाळीची कड, कोपरे आणि घोटे येथे राखाडी खपल्या आणि अनावर खाज असेल, तर खरजेची शंका घ्यावी. कानाची कड बोटांमध्ये धरून हलकेच चोळली असता मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलू लागला, तर ही शंका बळावते. पंजे, काखा, जांघा, पोट आणि कानांची आतली बाजू लाल असणे हे ॲलर्जीचे नेहमीचे चित्र आहे. लहान पिलाच्या डोळ्यांभोवती किंवा ओठांच्या कडेला केस गेले असून खाज फारशी नसेल, तर केसांच्या मुळांत राहणारा डेमोडेक्स नावाचा किडा आठवावा. गोल चकतीसारखे केस जाऊन कडेला कोंडा असेल, तर गजकर्ण असू शकते. मात्र जिवाणूंच्या संसर्गातही अशाच गोल कडा दिसतात, त्यामुळे गोल दिसले की बुरशीचे मलम, हा हिशेब चुकीचा आहे. दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ होत चालले असून कुत्रा खाजवतच नसेल, वजन वाढले असेल, तो मंद झाला असेल किंवा पाणी फार पीत असेल, तर दोष त्वचेत नसून थायरॉइड किंवा अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीत असण्याची शक्यता आहे आणि त्यासाठी रक्ताची तपासणी करावी लागते.

अंगावर एकही पिसू दिसत नाही. तरीही डॉक्टर पिसवांचे औषध का देतात?

या मुद्द्यावर मालक आणि डॉक्टर यांच्यात सर्वाधिक गैरसमज होतात, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देणे आवश्यक आहे. ज्या कुत्र्याला पिसूच्या लाळेचीच ॲलर्जी आहे, त्याला दोन-चार चावे पुरतात आणि त्यानंतर तो कित्येक दिवस खाजवत राहतो. शिवाय असा कुत्रा स्वतःचे अंग इतके चाटतो आणि कुरतडतो की त्यावरच्या पिसवा तोच गिळून टाकतो. पिसू दिसली नाही तरी तिची विष्ठा दिसते. बारीक दातांच्या फणीने कमरेवरचे केस विंचरावेत, फणीत आलेली काळी भुकटी पांढऱ्या ओल्या कापसावर किंवा कागदी रुमालावर टाकावी आणि मिनिटभर थांबावे. भुकटीभोवती तांबडी कड पसरली, तर ते पचलेले रक्त आहे. साधी माती असेल, तर रंग सुटत नाही.

दुसरी गोष्ट अशी की कुत्र्याच्या अंगावर दिसणाऱ्या प्रौढ पिसवा म्हणजे घरातल्या एकूण पिसवांच्या सुमारे ५ टक्केच असतात. उरलेल्या अंडी, अळ्या आणि कोश या रूपांत त्याच्या अंथरुणात, सोफ्याच्या शिवणीत, पायपुसण्याखाली आणि फरशीच्या फटीत असतात. एक मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालू शकते आणि ती अंडी अंगाला चिकटून न राहता कुत्रा जेथे झोपतो तेथे गळून पडतात. कोशातली पिसू कीटकनाशकाला सहसा दाद देत नाही आणि कित्येक महिने वाट पाहू शकते. बंद घर उघडल्यावर पहिल्याच दिवशी पायांना चावे बसतात ते यामुळेच. म्हणून एकदाच औषध लावून 'गुण आला नाही' असे म्हणणे योग्य नाही. घरातील सर्व कुत्र्यांना आणि मांजरांना, त्यांच्यासाठी असलेले वेगवेगळे औषध, निदान सलग ३ महिने द्यावे लागते, अंथरूण दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवावे लागते आणि सोफ्याखालचा केर रोज काढावा लागतो.

आमच्या घरी हे आम्ही केले नाही, आणि त्याची किंमत आमच्या गावठी कुत्रीने मोजली. अंगावर पिसू दिसली नाही म्हणून आम्ही तो विषय बाजूला ठेवला आणि ४ महिने तिच्या खाण्यात बदल करत राहिलो. अखेर दिवाणाखालची जुनी सतरंजी झटकली, तेव्हा कारण सापडले. तोवर तिच्या कमरेवरची त्वचा काळी आणि जाड झाली होती.

एक इशारा येथेच देतो. कुत्र्यांसाठीच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असते, आणि ते मांजरांना प्राणघातक ठरू शकते. घरात दोन्ही प्राणी असतील, तर औषधाच्या वेष्टनावरील प्रत्येक शब्द वाचूनच ते वापरावे.

गोचीड काढले तरी पुन्हा येतात. असे का होते?

आपल्याकडे कुत्र्यांवर प्रामुख्याने आढळणारा तपकिरी गोचीड घरातच पिढ्यानुपिढ्या राहू शकतो. त्याची प्रत्येक अवस्था रक्त पिऊन खाली पडते, भिंतीच्या फटीत किंवा दाराच्या चौकटीत जाऊन कात टाकते आणि पुन्हा कुत्र्यावर चढते. रक्त पिऊन टरारलेली मादी एका वेळी हजारो अंडी घालते, तीही उंचावर, गिलाव्याच्या भेगांमध्ये. कोकणातील चिऱ्याच्या भिंती आणि शहरातील सोसायटीच्या पहारेकऱ्याची चौकी ही दोन्ही ठिकाणे गोचिडांना सारखीच सोयीची असतात. त्यामुळे कुत्र्यावर औषध आणि भिंतींच्या भेगा बुजवणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात.

अंगावरचा गोचीड चिमट्याने त्वचेच्या अगदी जवळ पकडून सरळ वर ओढावा. त्याला काडीने चटका देऊ नये, त्यावर रॉकेल टाकू नये आणि तो बोटांनी चिरडूही नये. गाईगुरांसाठी मिळणारे गोचीडनाशक अंदाजाने पाण्यात मिसळून कुत्र्याला आंघोळ घालण्याची पद्धत गावोगावी आहे. त्यातून विषबाधा होऊन कुत्री थरथरतात, लाळ गाळतात आणि काही दगावतातही. ही पद्धत मनापासून सोडून द्यावी अशी विनंती आहे.

तोंडावाटे देण्याच्या नव्या गोळ्यांमध्ये फ्लुरालेनर, अफॉक्सोलेनर आणि सॅरोलेनर ही औषधे असतात. पहिल्याचा परिणाम सुमारे १२ आठवडे, तर इतर दोहोंचा सुमारे महिनाभर टिकतो. पिसवा, गोचीड आणि त्वचेतील किडे या तिन्हींवर ती उपयुक्त ठरल्याने कामे पुष्कळ सोपी झाली आहेत. या गटातील औषधांमुळे काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात, अशी सूचना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली दिली. कुत्र्याला पूर्वी कधी फीट आली असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे.

खरूज माणसांना लागते का?

मराठीत आपण दोन वेगळ्या रोगांना खरूज म्हणतो, तेथून गोंधळ सुरू होतो. पहिला रोग सार्कोप्टिस नावाच्या किड्याचा. हा किडा त्वचेत बोगदे करतो, खाज भयंकर असते आणि तो एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे सहज जातो. कुत्र्याला कुशीत घेणाऱ्यांच्या हातांवर आणि पोटावर लाल पुटकुळ्या येतात. मात्र हा किडा माणसाच्या त्वचेत आपला वंश वाढवू शकत नाही, त्यामुळे कुत्र्यावर उपचार झाले की माणसाचा त्रास बहुधा काही आठवड्यांत थांबतो. पुटकुळ्या आलेल्या व्यक्तीने आपल्या डॉक्टरांना घरात कुत्रा आहे हे अवश्य सांगावे. हा किडा त्वचा खरवडून केलेल्या तपासणीत पुष्कळदा सापडत नाही, म्हणून अहवाल कोरा आला तरी लक्षणे जुळत असल्यास डॉक्टर उपचार करून पाहतात, आणि ते योग्यच आहे.

दुसरा रोग डेमोडेक्सचा. हे किडे निरोगी कुत्र्यांच्या केसांच्या मुळांतही अल्प संख्येने असतात, पिलांना जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आईच्या अंगावरून मिळतात आणि माणसाला लागत नाहीत. पिलाच्या तोंडावरचे एक-दोन चट्टे अनेकदा आपोआप बरे होतात. मात्र वयस्क कुत्र्याच्या अंगभर हा रोग पसरला, तर त्याची प्रतिकारशक्ती कशाने तरी खचली आहे असे समजून ते मूळ कारण शोधावे लागते.

कुत्र्याकडून माणसाला खरोखर लागणारा आणि टिकणारा त्वचारोग म्हणजे गजकर्ण. घरात लहान मुले किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेली वृद्ध माणसे असतील, तर गजकर्णाची खात्री होईपर्यंत कुत्र्याला त्यांच्या अंथरुणापासून दूर ठेवावे.

खरजेला इंजिनाचे जळके ऑइल लावतात. त्याने खरेच गुण येतो का?

नाही. जळके ऑइल, रॉकेल, टर्पेंटाइन आणि ॲसिड मिसळलेले कोणतेही मिश्रण कुत्र्याच्या अंगाला लावू नये. तेलाच्या थराखाली काही किडे गुदमरत असतील, पण ते तेल कुत्रा चाटतो, ते पोटात आणि कधी फुप्फुसांत जाते, त्वचा भाजते आणि उन्हाळ्यात अंग तापते. गॅरेजमधून आणलेल्या डब्यातले तेल रस्त्यावरच्या कुत्र्यांवर ओतणारी माणसे बहुधा दयेपोटीच ते करत असतात, हे मी जाणतो. त्यांना रागावण्याऐवजी एका गोळीने हेच काम वेदनेशिवाय होते, एवढे दाखवून दिले तरी पुरेसे असते.

मग हळद, खोबरेल, कडुनिंब, कोरफड हे घरगुती उपाय?

खोबरेल तेल कोरड्या पंजांना किंवा नाकाला थोडेसे लावण्यात अपाय नाही, पण बुरशीचा संसर्ग असलेल्या, आधीच तेलकट झालेल्या त्वचेवर ते लावू नये. हळदीचा लेप किडे मारत नाही, त्वचा पिवळी करतो आणि डॉक्टरांना खालचा लालपणा दिसू देत नाही. कडुनिंबाची पाने उकळून गार केलेल्या पाण्याने अंग पुसल्यास तात्पुरता आराम वाटू शकतो. मात्र कडुनिंबाचे निव्वळ तेल जळजळ करते. कोरफडीच्या सालीखालचा पिवळा चीक पोटात गेल्यास जुलाब होतात. टी ट्री नावाचे सुगंधी तेल निसर्गातून आले म्हणून निर्धोक समजले जाते, परंतु ते न मिसळता लावल्यास कुत्र्याचा तोल जाणे, थरथरणे अशी विषबाधेची लक्षणे दिसतात. फरशी पुसण्याचे किंवा जखमा धुण्याचे तिखट वासाचे जंतुनाशक पाण्यात घालून आंघोळ घालणे तर पूर्णपणे टाळावे. या सर्व उपायांतील खरा तोटा निराळाच आहे : त्यांत दोन-तीन आठवडे जातात आणि तेवढ्यात साध्या खाजेचे संसर्गात रूपांतर होते.

औषधाच्या दुकानातली खाजेची ट्यूब लावली तर?

दुकानात सहज मिळणाऱ्या अनेक ट्यूबांमध्ये तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असते. स्टेरॉइडमुळे दोन दिवसांत लाली उतरते आणि मालक समाधानी होतो. पण खाली डेमोडेक्स किंवा गजकर्ण असेल, तर तोच रोग अधिक जोमाने पसरतो, आणि पुढे तपासणी केली तरी चित्र अस्पष्ट झालेले असते. शिवाय कुत्रा लावलेले सगळे चाटतो. झिंक ऑक्साइड असलेली लोशने आणि मलमे पोटात गेल्यास उलट्या होतात. सोरायसिससाठीचे कॅल्सिपोट्रायॉल असलेले मलम थोडे जरी पोटात गेले तरी कुत्र्याच्या जिवावर बेतते, म्हणून घरात कोणी ते वापरत असेल, तर ट्यूब उंचावर ठेवावी आणि लावलेली जागा कुत्र्याला चाटू देऊ नये.

पावसाळ्यात पंजे लाल होतात आणि अंगावर अचानक ओला, चिघळलेला चट्टा येतो. हे काय आहे?

बोटांच्या मधल्या बेचक्यात ओल टिकली की तेथे जिवाणू आणि मॅलॅसेझिया नावाचे बुरशीचे सूक्ष्म जीव वाढतात. हे दोन्ही निरोगी त्वचेवरही थोडे असतातच. ओलाव्याने आणि चाटण्याने त्यांना मोकळे रान मिळते. मॅलॅसेझियाचा कुबट, आंबूस वास एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही, आणि तो आला की त्वचा तेलकट, पुढे काळपट आणि हत्तीच्या कातडीसारखी जाड होऊ लागते. फिरून आल्यावर पंजे साध्या पाण्याने धुऊन बोटांच्या मधून टॉवेल फिरवावा, आणि नंतर पंख्याखाली बसवावे. हे रोज केल्यास निम्मा त्रास टळतो, असा माझा अनुभव आहे.

अचानक येणारा ओला चट्टा हा तासातासाने पसरणारा प्रकार आहे. दाट केसांच्या लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर आणि जर्मन शेफर्ड कुत्र्यांत तो अधिक दिसतो : सकाळी रुपयाएवढा असलेला चट्टा संध्याकाळी तळहाताएवढा होतो, वर चिकट लस असते आणि हात लावू दिला जात नाही. एखादी पिसू चावणे, कान दुखणे किंवा पोहल्यानंतर केस ओले राहणे, एवढे निमित्त पुरते. भोवतीचे केस कापून जागा उघडी करणे, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या सौम्य द्रावणाने ती पुसणे आणि गळ्याभोवती शंकूच्या आकाराची कॉलर घालून तोंड तेथे पोहोचू न देणे हा पहिला उपाय आहे. दुखत असल्यास केस घरी कापू नयेत. वेदनेने कुत्रा चावू शकतो.

आंघोळ किती वेळा आणि कशी घालावी?

निरोगी कुत्र्याला महिन्यातून एकदा-दोनदा आंघोळ पुरते. माणसांचा साबण वापरू नये. आपल्या त्वचेचा सामू (पीएच) साधारण ५.५, म्हणजे किंचित आम्ल असतो, तर कुत्र्याचा त्याहून पुष्कळ वर, ७ च्या आसपास किंवा त्याहूनही अधिक असतो, आणि त्याचा बाह्यत्वचेचा थरही आपल्यापेक्षा पातळ असतो. रोगी त्वचेसाठी मात्र आंघोळ हेच औषध असते. जिवाणू आणि बुरशी यांच्या वरवरच्या संसर्गात क्लोरहेक्सिडिनचा, अनेकदा त्याच्या जोडीला मायकोनॅझोल हे बुरशीनाशक असलेला शॅम्पू आठवड्यातून दोनदा सांगितला जातो, आणि त्यात सगळे यश एका गोष्टीवर अवलंबून असते : फेस अंगावर १० मिनिटे राहिला पाहिजे. घड्याळ लावून बसावे. बहुतेक घरांत तो दोन मिनिटांत धुऊन टाकला जातो आणि मग शॅम्पूला दोष दिला जातो. पाणी कोमट असावे, अंग पूर्ण कोरडे करावे. मानेवर लावायचे गोचीडनाशक थेंब वापरत असाल, तर त्याआधी आणि नंतर निदान २ दिवस आंघोळ घालू नये.

फिनाइल किंवा गवतामुळे पुरळ येते का?

येते, आणि ते जेथे केस विरळ असतात तेथे, म्हणजे पोट, जांघा आणि पंजांच्या मधल्या भागात येते. फिनाइलने पुसलेल्या ओल्या फरशीवर पोट टेकून झोपणाऱ्या कुत्र्यांत हे दिसते. दोन आठवडे साध्या पाण्याने फरशी पुसून फरक पाहावा. गाजरगवताचीही शंका घ्यावी. १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलेले हे तण आज प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर आहे आणि माणसांच्या व गुरांच्या त्वचेला त्याचा होणारा त्रास सर्वज्ञात आहे. फिरण्याची वाट बदलणे हा विनाखर्चाचा प्रयोग आहे.

चिकन बंद केले तर खाज जाईल का?

केवळ चिकन बंद करून काही सिद्ध होत नाही. अन्नाची ॲलर्जी असलेल्या कुत्र्यांत गोमांस, दूध, चिकन आणि गहू हे पदार्थ सर्वाधिक वेळा दोषी आढळले आहेत. आपल्या घरांतला कुत्रा दूध-पोळी, दहीभात आणि बिस्किटे यांवर वाढलेला असतो, म्हणजे यांतील किमान दोन पदार्थ तो रोज खातो. रक्ताच्या किंवा केसांच्या चाचणीतून अन्नाची ॲलर्जी विश्वासार्हपणे कळत नाही. त्या चाचण्यांवर पैसे खर्च करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

खात्रीचा मार्ग एकच आहे. कुत्र्याने पूर्वी कधीही न खाल्लेले एक प्रथिन आणि एक पिष्टमय पदार्थ, उदाहरणार्थ मासे खाण्याची सवय नसलेल्या कुत्र्याला मासा आणि रताळे, किंवा डॉक्टरांनी सुचवलेले विघटित, म्हणजे बारीक तुकडे केलेल्या, प्रथिनांचे तयार अन्न, एवढेच किमान ८ आठवडे द्यावे. या काळात बिस्किटाचा तुकडा, मुलांच्या ताटातली पोळी, आजोबांनी प्रेमाने दिलेले पेढ्याचे बोट, चवदार केलेली जंताची गोळी, यांतील काहीही चालत नाही. घरातल्या प्रत्येकाला हे समजावून सांगणे हाच या प्रयोगातला सर्वांत अवघड भाग असतो. खाज कमी झाली, तर जुने अन्न पुन्हा देऊन पाहावे. काही दिवसांत खाज परतली, तरच अन्न दोषी ठरते. या पायरीचे धैर्य होत नाही, पण ती गाळली तर कुत्रा विनाकारण जन्मभर पथ्यावर राहतो. पिल्लू किंवा गाभण कुत्री असेल, तर हा प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नये.

पिसवा नाहीत, संसर्ग बरा झाला, अन्नही बदलून पाहिले, तरी खाज आहे. आता?

मग वातावरणातील घटकांची, म्हणजे घरधुळीतील सूक्ष्म किड्यांची, परागकणांची किंवा बुरशीच्या बीजाणूंची ॲलर्जी उरते. तिला ॲटोपी म्हणतात आणि ती बहुधा वयाच्या ६ महिने ते ३ वर्षे या काळात प्रथम दिसते. हा निष्कर्ष इतर कारणे एकेक करून वगळल्यानंतरच काढायचा असतो. कायमचा बरा होणारा हा रोग नाही, तो सांभाळावा लागतो, आणि हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगणारा डॉक्टर मिळाला तर त्याला सोडू नये.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लवकर गुण देते आणि स्वस्त असते, परंतु त्याने तहान, भूक आणि लघवी वाढते. ते दीर्घकाळ दिल्यावर एकाएकी बंद करणेही धोक्याचे आहे. अमेरिकेत २०१३ साली मान्यता मिळालेले ऑक्लासिटिनिब काही तासांत खाज कमी करते, मात्र एक वर्षाखालील कुत्र्यांना ते देत नाहीत. सायक्लोस्पोरिनचा पूर्ण परिणाम दिसायला ४ ते ६ आठवडे लागतात. लोकिव्हेटमॅब हे इंजेक्शन साधारण महिन्याने द्यावे लागते आणि ते महाग आहे. माणसांची ॲलर्जीची गोळी अनेक जण स्वतःहून देतात. कुत्र्यांत तिचा उपयोग मर्यादित आहे, आणि सर्दीच्या मिश्र गोळ्यांमध्ये मिसळलेली इतर औषधे कुत्र्याला विषारी असू शकतात.

कॉली जातीच्या कुत्र्याला आयव्हरमेक्टिन हे किडे मारणारे औषध देऊ नये, असे का म्हणतात?

या जातीच्या पुष्कळ कुत्र्यांत एका जनुकात दोष असतो. तो २००१ साली उघडकीस आला. त्यामुळे मेंदूत शिरू पाहणारे औषध बाहेर फेकणारी यंत्रणा काम करत नाही, आणि खरजेसाठी दिलेल्या प्रमाणात आयव्हरमेक्टिन दिल्यास कुत्रा आंधळेपणा, बेशुद्धी किंवा मृत्यूपर्यंत जाऊ शकतो. शेळ्यामेंढ्यांचे आयव्हरमेक्टिन बिस्किटात घालून गल्लीतल्या कुत्र्यांना देणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण संकरित कुत्र्याची वंशावळ चेहऱ्यावरून कळत नाही आणि मात्रेतील एका दशांश चिन्हाची चूकही घातक ठरते.

जखमेत किडे पडले आहेत. काय करावे?

माश्यांनी ओल्या जखमेत घातलेल्या अंड्यांतून एका दिवसात अळ्या बाहेर पडतात. कानामागे, शेपटीच्या मुळाशी आणि लांब केसांखाली हे दिसेपर्यंत आत खोल पोकळी झालेली असते. त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. कुत्रा मालकीचा नसेल, तर राज्यात १९६२ या निःशुल्क क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते.

डॉक्टरांकडे जाताना कोणती तयारी करावी, आणि कोणत्या तपासण्या मागाव्यात?

आदल्या दिवशी आंघोळ घालू नये आणि मलम लावू नये. खाज केव्हा सुरू झाली, दरवर्षी याच ऋतूत येते का, आधी खाज आली की आधी पुरळ, घरात आणखी कोणाला खाज आहे का, आजवर कोणती औषधे किती दिवस दिली, हे कागदावर लिहून न्यावे. जुन्या औषधांची पाकिटेही न्यावीत. त्वचा खरवडून, चिकटपट्टीवर पेशी घेऊन आणि केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे या तीन तपासण्या स्वस्त आहेत आणि काही मिनिटांत होतात. त्या न करता प्रत्येक वेळी नुसते इंजेक्शन मिळत असेल, तर आदराने, पण जरूर विचारावे. प्रतिजैविकांचे अर्धवट दिलेले दोन-तीन कोर्स झाले असतील, तर पुवाची जंतुतपासणी करून औषध निवडणे आवश्यक ठरते. दुर्धर त्वचारोगासाठी पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांचा मार्ग खुला असतो. परळचे १८८६ साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, तसेच नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथील महाविद्यालये त्यांपैकी आहेत.

कोणते पुरळ दिसल्यास सकाळपर्यंतही थांबू नये?

चेहरा आणि पापण्या अचानक सुजल्या, अंगभर गांधी उठल्या आणि त्यासोबत उलटी किंवा धाप असेल, तर ताबडतोब निघावे. काही आठवड्यांच्या पिलाचे तोंड सुजून त्यावर पुवाच्या पुटकुळ्या आल्या असतील, तरीही थांबू नये.

आणखी एक पुरळ असे आहे की जे पुरळच नसते. पोटावर, मांडीच्या आतल्या बाजूला किंवा हिरड्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल-जांभळे ठिपके दिसले, तर काचेचा पारदर्शक पेला त्यांवर हलकेच दाबून पाहावा. दाबल्यावर ते फिके पडले, तर ती त्वचेची लाली आहे. तसेच गडद राहिले, तर ते त्वचेखाली साकळलेले रक्त आहे आणि रक्त गोठवण्यास मदत करणारे बिंबाणू (प्लेटलेट) घटलेले असण्याची शक्यता आहे, जे गोचिडांमुळे होणाऱ्या एर्लिकिया या तापात घडते. अशा कुत्र्याला अनेकदा खाज मुळीच नसते. तो मंद असतो, जेवण सोडतो, कधी नाकातून रक्त येते. डॉक्टरांना फोनवर 'पुरळ आले आहे' असे सांगू नये, 'दाबूनही फिके न पडणारे ठिपके आहेत आणि अंगावर गोचीड होते' असे सांगावे, म्हणजे ते आधी रक्त तपासतील.